पायरीला एक वचन

साइटवर त्याला सगळे पुटपुट्या म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. काम टॉवर क्रेन चालवण्याचं. चाळीस मीटर उंचीवर काचेची एक केबिन, तिच्यात एक खुर्ची आणि खुर्चीच्या दोन्ही हातांपाशी एकेक दांडा. दिवसभर सळयांचे भारे, काँक्रीटच्या बादल्या आणि फळ्यांचे गठ्ठे इथून उचलायचे आणि तिथे अलगद ठेवायचे. खरी मेख त्या अलगदमध्ये होती. क्रेन काय, शिकवली तर कुणीही हलवील. पण दोन टनांचा भारा खालच्या माणसापुढे तान्हं मूल ठेवावं तसा ठेवणारे थोडे. पुटपुट्या त्या थोड्यांतला होता, आणि हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत.

हे नाव त्याला तीन वर्षांपूर्वी पडलं. त्याआधी एकोणीस वर्षं तो तोंड मिटून, शीळसुद्धा न घालता चढायचा आणि उतरायचा. मग एका मंगळवारी, वारा नाही, पाऊस नाही, कुणी पडलं नाही की झडलं नाही, तो सातव्या शिडीवर असताना त्याचे पाय गेले. गेले म्हणजे जागच्या जागी होते, पण त्याचे राहिले नव्हते. दोन्ही हातांनी त्याने शिडी अशी मिठीत धरली, की लग्नाच्या बायकोला कधी धरली नसेल. पंधरा मिनिटांनी कसाबसा वर पोचला. दिवसभर काम केलं, संध्याकाळी उतरला, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

एखाद्याला भीती वाटायला कारण असलं, तर चारचौघांत सांगता तरी येते. बिनकारणाची भीती घेऊन माणसाने जावं कुठे? डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की झोप यायची, आणि झोपेत क्रेन चालवणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही. बायको म्हणाली, "सोडा ही नोकरी, जमिनीवरचं काहीतरी बघा." पण एकोणीस वर्षं आभाळात काढलेल्या माणसाला जमिनीवर काय येतं? त्याला साधी सायकल धड चालवता येत नव्हती.

तेव्हा त्याने आत्याचा ग्रंथ काढला.

आत्याने त्याला वाढवलं होतं. लहानपणी तो अंधाराला भ्यायचा, म्हणून तिने त्याच्याकडून त्या धर्मग्रंथाचा सातवा अध्याय पाठ करून घेतला होता. एक भ्यालेला माणूस आणि देव यांचं बोलणं आहे त्यात. माणूस एक भीती सांगतो, देव तिचं उत्तर देतो. पाण्याची भीती, आगीची, सापाची, शत्रूची, म्हातारपणाची, दात पडण्याचीसुद्धा. विषम वचनं माणसाची, सम वचनं देवाची. उंचीची भीती मात्र त्यात नाही. ज्या काळी तो अध्याय लिहिला, त्या काळी रोज सकाळी चाळीस मीटर चढायला कुणी कुणाला सांगत नसावं.

अध्यायाची वचनं एकशे बत्तीस. आणि क्रेनच्या खांबात शिड्या अकरा, दर शिडीला पायऱ्या बारा. त्याने हिशोब केला आणि त्याच्या अंगावर काटा आला. एकशे बत्तीस! शिडी बनवणाऱ्या कारखान्यात कुणी ग्रंथ उघडून बसलं नव्हतं हे त्यालाही कळत होतं, पण बुडत्याला काडी मिळाली की तो काडीची जात विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो एका पायरीला एक वचन म्हणत चढू लागला. पाय पायरीवर टेकला की वचन सुरू, वचन संपलं की पुढचा पाय. आणि पाय चालू लागले. थरथरत, पण चालू लागले. आठवड्याभरात अख्ख्या साइटला त्याचं नवं नाव तोंडपाठ झालं.

यात एक गोम होती. आत्याची शिस्त अशी, की अध्याय मध्ये तोडायचा नाही. "तोडलास तर पहिल्यापासून," ती म्हणायची. अंथरुणात पडून म्हणताना हे ठीक आहे, पहिल्यापासून म्हणजे पुन्हा एकदा डोळे मिटायचे. पण त्याच्या लेखी आता पहिलं वचन पहिल्या पायरीचं होतं. त्यामुळे तोडलं तर पहिल्यापासून म्हणजे थेट जमिनीपासून. देवाने असं कुठे सांगितलं होतं, आत्याने तरी कुठे सांगितलं होतं? पण भित्र्या माणसाइतका काटेकोर भक्त दुसरा नसतो.

एकदा तो त्रेपन्नाव्या पायरीवर असताना मुकादमाने खालून काहीतरी विचारलं आणि याच्या तोंडून सवयीने "काय?" निघून गेलं. झालं. अध्याय तुटला. त्रेपन्न पायऱ्या त्याला खाली उतरावं लागलं, तेही तोंडात वचन नसताना, कारण उतरण्याची वचनं वेगळी, ती एकशे बत्तीसपासून उलटी येत आणि वरूनच सुरू होत. पाऊण तास लागला. खाली सगळे पोट धरून हसत होते. "देवानं परत पाठवलं रे याला, जागा नाही म्हणाला!" पुटपुट्या जमिनीवर आला तेव्हा त्याची विजार ओली होती. ते एकट्या पैलवानाने पाहिलं. त्याने एक शब्द न बोलता अंगातला सदरा काढला, याच्या कमरेला बांधला आणि मोठ्याने म्हणाला, "चला, चहा पाजा मला, फार उकडतंय." ही गोष्ट त्याने पुढे कधी कुणाला सांगितली नाही. स्वतःच्या बायकोलाही नाही.

पैलवान म्हणजे त्याच क्रेनचा दुसरा चालक. सकाळची पाळी त्याची, दुपारची पुटपुट्याची. अंगाने इतका बारीक, की वारा सुटला की लोक आधी त्याला धरायचे; म्हणून पैलवान. त्याचा देवाधर्मावर विश्वास नव्हता, पण थट्टेवर गाढ होता. पाळी बदलताना पुटपुट्या चढू लागला की हा खालून ओरडायचा, "अहो महाराज, कितवं चाललंय?" पुटपुट्या उत्तर देत नसे. त्या त्रेपन्न पायऱ्यांनंतर त्याने कानात जणू बोळेच घातले होते. मुकादम हाक मारून थकले, इंजिनिअर हाक मारून थकले. शेवटी सगळ्यांना ठाऊक झालं, की हा शिडीवर असताना मेल्यासारखाच समजायचा.

त्या दिवशी क्रेनच्या ब्रेकची तपासणी होती. तपासणीला वर दोघे लागतात. पुढे पुटपुट्या, मागे पैलवान, असे ते चढत होते. खाली काँक्रीटचा पंप धडधडत होता, वॉकीटॉकी वर केबिनमध्ये होती. पुटपुट्या सहाव्या शिडीवर होता. पासष्टावी पायरी.

"पुटपुट्या!"

ही पहिली हाक. नेहमीसारखीच, थट्टेची. निदान तो पुढे स्वतःला असंच सांगत राहिला. त्याने पासष्टावं वचन पुरं केलं आणि पाय उचलला.

दुसरी हाक लांबली, शेवटचं अक्षर कुठेतरी विरून गेलं. तिसरी तर हाक म्हणण्यासारखी नव्हतीच. अंधारात भिंत चाचपत जाणारा माणूस जसा हळू बोलतो, तसं कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. आणि पुटपुट्याला कळलं. इथे शंकेला जागा नाही. ज्याने बावीस वर्षं निव्वळ आवाजावरून ओळखलं, की खालचा माणूस भारा सोडतोय की अडकलाय, त्याला कळलं. कळलं आणि तो वचन म्हणत वर चढत राहिला. उरलेल्या सगळ्या पायऱ्या. एकही वचन गाळलं नाही.

केबिनमध्ये पोचून, पट्टा अडकवून, मगच त्याने खाली पाहिलं. चौथ्या शिडीच्या वरच्या जाळीच्या टप्प्यावर पैलवान खांबाला डोकं टेकून बसला होता. पुटपुट्याने वॉकीटॉकी उचलली आणि सांगितलं, "पैलवान बसलाय. बघा जरा." चार जण दोर घेऊन चढले, त्याला बांधून खाली उतरवला, गाडीत घातला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुटपुट्याने डॉक्टरला एवढंच विचारलं, "दहा मिनिटं आधी आणला असता तर?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." डॉक्टर लोक हे सहज बोलून जातात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. ऐकणाऱ्याला मात्र ते जन्मभर पुरतं.

साइटवर कुणी त्याला दोष दिला नाही. उलट इंजिनिअर म्हणाले, की वेळेवर कळवलंत. हाक कुणी ऐकलीच नव्हती, पंप चालू होता ना! आणि आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला मला आवडत नाही, पण झाली खरी. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, शिडीला हात लावला, आणि त्याला उंचीची भीती वाटली नाही. अजिबात नाही. तीन वर्षं ज्यासाठी त्याने देवाचे उंबरे झिजवले होते, ते त्याला आता मिळालं होतं. तो मुका चढला. दर टप्प्यावर थांबून खाली बघत चढला. वर पोचल्यावर खुर्चीत बसून हमसून हमसून रडला, आणि खालचा माणूस वॉकीटॉकीवर विचारत राहिला, "हुक सोडता का, हुक?"

भीती गेली नव्हती, तिने फक्त बिऱ्हाड बदललं होतं. आता ती पैलवानाच्या घरी राहत होती.

पैलवानाच्या बायकोला तो वहिनी म्हणत असे, आणि ती त्याला भावजी. पाचव्या दिवशी तो बायकोबरोबर तिला भेटायला गेला. खोलीत चार नातेवाईक बसले होते, आणि वहिनी त्यांना सांगत होती, "यांचा जीव गेला तेव्हा भावजी वर अध्याय म्हणत होते. शिडीवरून सगळं खाली ऐकू येतं म्हणे. जन्मभर देवाचं नाव घेतलं नाही यांनी, पण जाताना पवित्र शब्द कानावर पडले. एकटे नाही गेले." मग ती त्याच्याकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळे."

त्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जमीन असं कधी करत नाही. त्याने मान हलवली आणि चहा प्यायला.

पुढे दर आठवड्याला हेच. वहिनीने कुठून तरी तो ग्रंथ मिळवला होता. चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडत ती रोज सातव्या अध्यायाची चार वचनं वाचायची आणि याला अर्थ विचारायची. घरातलं बाकी सगळं तिच्या हातून सुटत चाललं होतं. दूध उतू जाई, दाराला कडी राहत नसे. ती धरून होती ते एवढंच, की एकटे नाही गेले. आणि ते धरायला जी दोरी होती, तिचं दुसरं टोक खोटं होतं. हे फक्त त्याला ठाऊक होतं.

त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता?"

"ती मला हात जोडते गं."

"जोडू दे. तिचे हात आहेत. तुमचं मन हलकं करायचं म्हणून तिच्या डोक्यावर ओझं ठेवणार का?"

बायकोचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याला झोप नव्हती. त्याने पुन्हा ग्रंथ उघडला आणि पहिल्या वचनापासून शोधलं, की एखाद्या विधवेपुढे खरं बोलण्याची भीती कुठे लिहिली आहे का. नव्हती. पाणी, आग, साप, दात, सगळं होतं. शेवटी तो एकशे बत्तिसाव्या वचनाशी येऊन थांबला. देवाचं शेवटचं बोलणं: जिथे तुला भीती वाटते तिकडेच चाल, मी तिथे आधीच पोचलेलो असेन. तीन वर्षं हे वचन त्याने केबिनच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर, सुटलो एकदाचा म्हणून घाईघाईने उरकलं होतं. आता त्याला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलंय.

रविवारी सकाळी तो एकटाच गेला. वहिनी चौथ्या मजल्यावर राहत असे. लिफ्ट चालू होती, तरी तो जिन्याने चढला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचे ओठ हलू लागले. पायरीला एक वचन. तिसऱ्या मजल्यावर एक बाई कचऱ्याची बादली घेऊन खाली येत होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्याला जाऊ दिलं.

वहिनी भाजी निवडत होती. "या भावजी, बसा. आज सत्तावन्न ते साठ वाचलंय. साठाव्यात एक शब्द अडलाय."

तो बसला नाही. "वहिनी, त्या दिवशी त्यानं मला हाक मारली होती."

"मारायचेच की ते. तुमची खोडी काढल्याशिवाय यांचा दिवस जायचा नाही."

"खोडी नव्हती. पहिली असेल. पुढच्या दोन नव्हत्या."

वहिनीचा हात भाजीतच थांबला. "तुम्हाला ऐकू आल्या?"

"तिन्ही."

"आणि तुम्ही म्हणत राहिलात."

"हो."

मग तिने स्वतःच त्याच्यासाठी एक दार उघडलं. माणसं अशी चांगली असतात, म्हणून तर जगणं अवघड होतं. ती म्हणाली, "देवाचं मध्ये तोडायचं नाही, म्हणून ना? आत्यांची शिस्त होती तुमच्या. यांनी सांगितलं होतं मला."

हो म्हणाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्याच्या तोंडात तो हो तयारही होता.

"नाही," तो म्हणाला. "शिस्त पाळायची असती, तरी तोडल्यावर मला खाली पहिल्या पायरीपर्यंत उतरायचं होतं. वाटेतच होता तो, वहिनी. शिस्तच मला त्याच्यापाशी घेऊन गेली असती. मी घाबरलो. उतरायला घाबरलो. त्याचं काहीतरी झालंय हे मला कळलं होतं, आणि मी वर गेलो."

बोलून झालं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला आतून मोकळं वाटलं. हेच ते, त्याला वाटलं, इथेच देव आधी येऊन उभा असणार. त्याने खोलीत पाहिलं. टेबल होतं, भाजी होती, चष्मा होता, खुर्चीत एक बाई होती. बाकी कुणी नव्हतं.

"म्हणजे एकटेच होते," वहिनी म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी, महिनाभर तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, त्याच्या डोळ्यांदेखत सुटलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"कशी मारली हाक?"

"वहिनी..."

"शेवटची. कशी मारली? मी नव्हते तिथे. मारून दाखवा."

त्याने हलक्या आवाजात मारली. स्वतःचंच नाव, मेलेल्या मित्राच्या आवाजात. भिंत चाचपत जाणारं. महिनाभर ती कानात होती, पण तोंडातून काढली तेव्हा त्याला पहिल्यांदा समजलं, की त्या हाकेत 'ये' असं काही नव्हतंच. ती नुसतं विचारत होती, की आहेस का?

"आता ओ द्या," वहिनी म्हणाली.

तो उभा होता.

"ओ द्या, भावजी. तेव्हा नाही दिलीत, आता द्या. मला ऐकायचीय."

त्याने तोंड उघडलं. एकच अक्षर होतं, पोरंसोरं खेळता खेळता देतात ते. त्याने छाती भरून श्वास घेतला, ओठ गोल केले, आणि बाहेर आलं ते सहासष्टावं वचन. टोळधाडीचं होतं. मी वारा फिरवीन, आणि ते आले तसे निघून जातील. तीन वर्षांची सवय. त्याला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. वचन शेवटच्या शब्दापर्यंत गेलं, आणि मग सदुसष्टावं निघालं, मग अडुसष्टावं. त्याने हाताने तोंड दाबून धरलं, तेव्हा कुठे ते बंद झालं.

वहिनी उठली. तिने समोरचा ग्रंथ मिटला, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि दार उघडून उभी राहिली. या घराच्या दारातून त्याला इतक्या वर्षांत कधी 'या हं भावजी' म्हटल्याशिवाय कुणी सोडलं नव्हतं.

"जा," ती म्हणाली.